पॉवर की टॉर्क? गाडी घेताना ब्रोशरमधले ते दोन आकडे कसे वाचायचे

गाडी घ्यायची ठरली की सगळा वेळ मायलेज, बूट स्पेस, सनरूफ आणि वेटिंग पिरियडमध्ये जातो, आणि ब्रोशरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ज्या दोन ओळी असतात, मॅक्स पॉवर इतके पीएस आणि मॅक्स टॉर्क इतके एनएम, त्या कोणी नीट वाचतच नाही. शोरूममधला मुलगा म्हणतो सर पॉवर भरपूर आहे, आणि ज्या काकांनी आयुष्यभर डिझेल चालवलं ते म्हणतात पॉवर बिवर सोड, टॉर्क बघ. नवीन माणूस मधल्यामध्ये गोंधळतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, या दोन्ही आकड्यांपेक्षा त्यांच्या पुढे जो आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, लिहिलेला असतो ना तो जास्त कामाचा, आणि नेमका तोच कोणी सांगत नाही. एकेक पायरी घेत जाऊ, मोबाईलचा कॅलक्युलेटर उघडून ठेवा, बाकी काही लागत नाही.

पहिली पायरी: टॉर्क म्हणजे काय ते हाताने समजून घ्या

पंक्चर झाल्यावर चाकाचे नट उघडलेत कधी? पाना लावून हाताने जोर दिला की नट हलत नाही, मग आपण पान्यावर पाय देऊन उभे राहतो, किंवा मेकॅनिक त्याला लांब पाईप अडकवतो आणि नट लगेच सुटतो. जोर किती लावला आणि तो मध्यापासून किती लांबून लावला, या दोघांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. न्यूटन-मीटर, म्हणजे एनएम, हे त्याचं माप. इंजिनात पाना नसतो एवढंच, तिथे सिलिंडरमध्ये पेट्रोल किंवा डिझेल पेटतं, गॅसचा दाब पिस्टनला खाली ढकलतो, पिस्टन कनेक्टिंग रॉडमधून क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या दांड्याला, पीळ देतो, तो पीळ म्हणजे इंजिनाचा टॉर्क.

आता मजा बघा. ६० किलोचा माणूस अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकावर उभा राहिला तर किती टॉर्क होतो? ६० गुणिले ९.८१ गुणिले ०.५, म्हणजे साधारण २९४ एनएम. आणि महिंद्रा थारच्या २.२ लिटर डिझेलचा टॉर्क आहे ३०० एनएम! म्हणजे नुसत्या टॉर्कच्या हिशोबात तुम्ही आणि थारचं इंजिन जवळपास बरोबरीत.

मग तुम्ही थार का ओढू शकत नाही? कारण तुम्ही तो पाना एकदा पाव फेरा फिरवणार, मग काढून परत लावणार. थारचं इंजिन तोच पीळ एका मिनिटात दोन हजारपेक्षा जास्त फेऱ्यांना देतं. फरक सगळा इथे आहे.

दुसरी पायरी: पॉवर म्हणजे तोच पीळ किती वेगात

पॉवर म्हणजे टॉर्क आणि इंजिनाचा वेग यांचा गुणाकार. पॉवर हे काही वेगळं मीटर लावून मोजलेलं दुसरं बळ नाही, डायनोवर, म्हणजे इंजिन तपासायच्या मशीनवर, सुद्धा टॉर्क आणि आरपीएम मोजतात आणि पॉवर त्यावरून काढतात. त्यामुळे "पॉवर महत्त्वाची की टॉर्क" हा प्रश्नच थोडा फसवा आहे, कारण एकात दुसरा आधीच बसलेला आहे.

हॉर्सपॉवर हे माप जेम्स वॉटचं, अठराव्या शतकात वाफेची इंजिनं विकताना, ज्यांच्याकडे घोडे काम करत होते त्या गिऱ्हाईकांना हे इंजिन किती घोड्यांचं काम करेल ते सांगायला त्याने ते ठरवलं. आपल्याकडच्या ब्रोशरमध्ये बहुतेक वेळा पीएस असतं, ते मेट्रिक हॉर्सपॉवर: ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलायला जेवढी ताकद लागते तेवढी १ पीएस. काही ठिकाणी बीएचपी दिसेल, तेही हॉर्सपॉवरच, बीएचपी आणि पीएसमध्ये जेमतेम दीड टक्क्याचा फरक आहे, त्यावरून भांडू नका. किलोवॅट दिले असतील तर १.३६ ने गुणा, पीएस मिळतात. जुन्या ब्रोशरमध्ये टॉर्क केजीएममध्ये, म्हणजे किलोग्रॅम-मीटरमध्ये, दिसेल, त्याला ९.८१ ने गुणलं की एनएम झाले.

तिसरी पायरी: एक गणित, एवढंच पाठ करा

टॉर्क (एनएम) गुणिले आरपीएम, भागिले ७०२३. उत्तर पीएसमध्ये. हा ७०२३ कुठून आला विचाराल तर मिनिटाचे ६० सेकंद, वर्तुळाचा दोन पाय (२π) आणि एका पीएसचे ७३५.५ वॅट यांची ती गोळाबेरीज आहे, विसरलात तरी चालेल, फक्त ७००० ने भागलं तरी शोरूममध्ये उभ्या उभ्या काम भागतं.

आता खरी गाडी घेऊ. ह्युंदाई क्रेटा घेतो, कारण एकाच गाडीत तीन वेगवेगळी १.५ लिटर इंजिनं मिळतात आणि बॉडी तीच, त्यामुळे तुलना सरळ होते.

साधं पेट्रोल: ११५ पीएस ६३०० आरपीएमला, १४४ एनएम ४५०० ला.
डिझेल: ११६ पीएस ४००० आरपीएमला, २५० एनएम १५०० ते २७५० मध्ये.
टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेलं पेट्रोल: १६० पीएस ५५०० ला, २५३ एनएम १५०० ते ३५०० मध्ये.

साधं पेट्रोल आणि डिझेल, पॉवर सारखीच. फक्त पहिला आकडा बघणारा म्हणेल दोन्ही गाड्या सारख्याच पळतील, मग डिझेलला लाख-दीड लाख जास्त कशाला द्यायचे. पण २००० आरपीएमला काय आहे ते काढा, कारण रोज ऑफिसला जाताना आपण बहुतेक वेळ तिथेच कुठेतरी असतो, १५०० ते २५०० मध्ये. डिझेल: २५० गुणिले २००० भागिले ७०२३, म्हणजे ७१ पीएस. पेट्रोलचा टॉर्क २००० ला नक्की किती ते ब्रोशर सांगत नाही, पण जास्तीत जास्त असतो तो १४४, तो पूर्ण मिळाला असं समजलं तरी ४१ पीएसच होतात, प्रत्यक्षात त्याहून कमीच. म्हणजे कागदावर सारख्या असलेल्या दोन गाड्यांमध्ये, पाय जिथे असतो तिथे ७१ विरुद्ध ४१ असा सामना आहे. काका ज्याला "टॉर्क" म्हणतात ते खरं तर हे आहे, कमी आरपीएमला हातात असलेली पॉवर.

आता डिझेल आणि टर्बो पेट्रोल बघा. टॉर्क जवळपास सारखा, २५० आणि २५३. पॉवर मात्र ११६ आणि १६०. असं का? गणित उलटं करा. डिझेल ४००० ला ११६ पीएस देतंय म्हणजे तिथे टॉर्क २०४ एनएम. टर्बो पेट्रोल ५५०० ला १६० देतंय म्हणजे तिथेही टॉर्क २०४ एनएम! अगदी तोच पीळ, फक्त पेट्रोल तो पीळ ५५०० पर्यंत खेचून नेतं आणि डिझेलचा दम चार हजारावर संपतो. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळे पिस्टन, रॉड, क्रँक सगळं दणकट आणि जड, शिवाय डिझेल जळायलाही वेळ लागतो, म्हणून ते इंजिन जास्त आरपीएमला पळवता येत नाही. वर ते जास्तीचे ४४ पीएस कुठून आले तर नुसत्या आरपीएममधून. हे एकदा डोक्यात बसलं ना की मग कुठलंही ब्रोशर घ्या, अर्ध्या मिनिटात इंजिनाचा स्वभाव कळतो.

म्हणून पुढच्या वेळी आकडे लिहून घेताना नुसते "११५, १४४" असे लिहू नका, आरपीएमसकट लिहा. आणि टॉर्कला एकच आरपीएम दिलाय की १५०० ते २७५० अशी रेंज दिलीय ते बघा. रेंज असेल तर बहुतेक टर्बो आहे, आणि ती रेंज जेवढी खालून सुरू होते तेवढे शहरात गिअर कमी बदलावे लागतात.

चौथी पायरी: गिअरबॉक्सला विसरू नका

इथे डिझेलप्रेमी मंडळी जरा नाराज होतील. २५० एनएम हा इंजिनाचा टॉर्क झाला, रस्त्याला चाकाचा टॉर्क लागतो, आणि मध्ये गिअरबॉक्स बसलाय जो टॉर्क वाढवतो आणि वेग कमी करतो. पहिल्या गिअरला इंजिनाचे तेरा-पंधरा फेरे झाले की चाकाचा एक फेरा, असं काहीसं असतं, आणि तितक्याच पटीने टॉर्क वाढतो. पेट्रोल इंजिन जास्त आरपीएम झेपवतं म्हणून त्याला गिअर छोटे, म्हणजे जास्त पटीचे, देतात, डिझेलला लांब, म्हणजे कमी पटीचे, देतात. म्हणजे समजा पेट्रोलला १५ पट आणि डिझेलला १३ पट मिळाली तर चाकावर २१६० विरुद्ध ३२५० झाले. इंजिनाच्या आकड्यात जो फरक पाऊणपट वाटत होता तो चाकावर अर्ध्या पटीवर आला.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे ट्रॅक्टर. नांगर ओढतो म्हणजे टॉर्क प्रचंड असणार असं सगळ्यांना वाटतं. ५० एचपीचा ट्रॅक्टर घ्या, इंजिन २००० आरपीएमवर, गणित करा, १७५ एनएम येतात, मॅक्स टॉर्क त्याहून थोडा जास्त असेल. टाटा नेक्सॉनच्या डिझेलचा टॉर्क आहे २६०! तरी नेक्सॉनला नांगर लावून दाखवा. ट्रॅक्टरची सगळी ओढ त्याच्या गिअरमध्ये, मोठ्या चाकात आणि वजनात आहे, त्या बदल्यात वेग गेला. म्हणजे गिअरने टॉर्क हवा तेवढा बनवता येतो पण पॉवर नाही बनवता येत, उलट थोडी वायाच जाते. ब्रोशरचे आकडे इंजिनाच्या क्रँकवर मोजलेले असतात, चाकापर्यंत येता येता त्यातले दहा-पंधरा टक्के गिअरबॉक्स आणि बाकीच्या घर्षणात जातात.

मग हायवेवर ट्रक ओव्हरटेक करताना साध्या पेट्रोलवाल्याने काय करायचं? गिअर कमी करायचा. पाचव्या-सहाव्यात २५०० आरपीएमला त्याच्याकडे फार तर ५१ पीएस आहेत, तिसऱ्यात टाकून ४५०० ला नेलं की १४४ गुणिले ४५०० भागिले ७०२३, ९२ पीएस. तीच गाडी, तोच रस्ता. "पेट्रोलला पिकअप नाही" म्हणणारे निम्मे लोक आवाज वाढतो म्हणून इंजिन तीन हजाराच्या वर नेतच नाहीत, आणि मग नावं गाडीला ठेवतात. रेडलाईन, म्हणजे मीटरवरची लाल खूण जिच्यापुढे इंजिन न्यायचं नाही, ती सहा-साडेसहा हजाराला आहे, इंजिन गरम झाल्यावर साडेचार-पाच हजारापर्यंत नेलं तर त्याला काही होत नाही, ते त्यासाठीच बनवलंय.

पाचवी पायरी: वजनाने भागा

स्विफ्टचं नवीन इंजिन ८२ पीएसच्या आसपास आहे, आधीचं ९० होतं. आकडा कमी झाला म्हणून बरीच ओरड झाली. पण गाडी सव्वानऊशे किलोच्या आसपास आहे, म्हणजे एका टनाला साधारण ८९ पीएस. शहरात एकटा माणूस चालवतोय तोपर्यंत मस्त. चार मोठी माणसं, गावाला न्यायच्या पिशव्या, परत येताना तांदळाचं पोतं, असे साडेतीनशे किलो चढवा की टनाला ६४ वर येते. मोठ्या गाडीला एवढ्याच वजनाने कमी फरक पडतो. म्हणून गाडीत नेहमी किती माणसं असणार हा प्रश्न सीटसाठीच नाही तर इंजिनासाठीही विचारा. ब्रोशरमध्ये कर्ब वेट, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, दिलेलं असतं, नसेल तर मागून घ्या.

सहावी पायरी: इंजिनाचा प्रकार

साधं पेट्रोल, म्हणजे टर्बो नसलेलं: टॉर्क वर चार-साडेचार हजाराला, पण प्रतिसाद एकसारखा, झटका नाही, नवशिक्याला सोपं. डोंगरावर मात्र हवा विरळ झाली की दम कमी होतो, दर हजार मीटरला साधारण दहा टक्के. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, लेहला साडेतीन हजार मीटरवर तर जवळपास एक तृतीयांश दम जातो. टर्बो हवा दाबून भरतो त्यामुळे टर्बोवाल्यांना हे कमी जाणवतं.

छोटं टर्बो पेट्रोल, एक लिटर किंवा १.२ लिटर: उदाहरणार्थ नेक्सॉनचं १.२ लिटर, १२० पीएस ५५०० ला आणि १७० एनएम १७५० ते ४००० मध्ये. १७५० च्या वर मजाच मजा, पण त्याच्या खाली टर्बो झोपलेला असतो आणि तेव्हा तुमच्या हातात फक्त १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन असतं. स्पीडब्रेकरवरून दुसऱ्या गिअरमध्ये हळू निघताना किंवा चढाच्या पार्किंगमधून वर येताना हे कळतं, ब्रोशरमध्ये नाही. सब-फोर मीटर, म्हणजे चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, गाड्यांमध्ये पेट्रोल १२०० सीसी आणि डिझेल १५०० सीसीच्या आत ठेवलं की टॅक्स कमी बसतो, म्हणून या साईजची इंजिनं आपल्याकडे इतकी दिसतात.

सीएनजी: गॅस इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवेची जागा खातो, त्यामुळे पॉवर आणि टॉर्क दोन्ही उतरतात. स्विफ्टच पेट्रोलवर ८२ आणि सीएनजीवर ७० पीएस, टॉर्क ११२ वरून १०२. वर टाकीचं वजन. घाटाचा रोजचा रस्ता असेल तर विचार करून घ्या.

इलेक्ट्रिक: मोटार फिरायला लागल्या क्षणापासून पूर्ण टॉर्क देते. नेक्सॉन ईव्हीचे २१५ एनएम शून्य आरपीएमपासून, ना गिअर ना टर्बो जागा होईपर्यंतचा लॅग, म्हणून सिग्नलवरून त्या अशा सुटतात.

सातवी पायरी: टेस्ट ड्राइव्हला काय करून बघायचं

शोरूमवाले त्यांच्या ठरलेल्या सपाट रस्त्यावरून एक चक्कर मारून आणतात, त्यातून काही कळत नाही. आधीच सांगून ठेवा की मला चढ असलेला रस्ता हवा. घरची तीन माणसं सोबत न्या, एसी फुल ठेवा, एसीचा कंप्रेसरही इंजिनाचीच पॉवर खातो आणि छोट्या इंजिनाला ते लगेच जाणवतं.

मग एवढं करा. दुसऱ्या गिअरमध्ये स्पीडब्रेकर ओलांडा आणि पहिला न टाकता गाडी उचलते का, की घरघरते ते बघा. तिसऱ्या गिअरला ३० च्या स्पीडवरून ॲक्सिलरेटर हळूहळू दाबा, टर्बो कुठल्या आरपीएमला जागा होतो ते मीटरवर दिसेल. रिकामा रस्ता मिळाला तर तिसऱ्यात ६० ते १०० किती सहज जाते ते बघा, ओव्हरटेकसाठी हाच पट्टा कामाचा, शून्य ते शंभर किती सेकंदात हे रोजच्या आयुष्यात कोणी करत नाही. चढावर थांबून परत निघा. ऑटोमॅटिक असेल तर पाय पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पडायला किती वेळ लागतो ते मोजा, एएमटीमध्ये (मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर मशीन बदलतं) हा वेळ त्रास देऊ शकतो. आणि बोनेट उघडून बघण्यात वेळ घालवू नका, तिथे प्लॅस्टिकचं कव्हर दिसतं फक्त.

आठवी पायरी: घेतल्यावर चालवायची कशी

डिझेल आणि टर्बोला दोन हजाराच्या आसपास गिअर वर टाका, उगाच चार हजारापर्यंत खेचण्यात अर्थ नाही, तिथे टॉर्क उतरायला लागलेला असतो. साध्या पेट्रोलला चढावर तीन-साडेतीन हजाराच्या खाली पडू देऊ नका. कसारा घाट नाशिकच्या बाजूला चढताना पुढे ट्रक आला आणि स्पीड चाळीसवर आला की चौथ्यातच पाय दाबून बसू नका, इंजिन धडधडायला लागतं, खालचा गिअर टाका आणि मग दाबा. कमी आरपीएमला पूर्ण ॲक्सिलरेटर म्हणजे बेअरिंग, क्लच, फ्लायव्हील सगळ्यांवर ताण, आणि मायलेजही वाचत नाही. चढावर हाफ क्लच धरून गाडी तोलायची सवय असेल तर ती पण सोडा, हँडब्रेक आहे ना. उतरताना ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल तर अजिबात नाही, इंजिन स्वतःच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत.

राहिला रिमॅपचा विषय, कारण गाडी घेऊन सहा महिने झाले की कोणीतरी मित्र सांगतोच, ईसीयू रिमॅप कर, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदल, टॉर्क २५० चा ३०० होतो. टर्बो गाडीत हे होतं, खोटं नाही, बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, आणि इंधन वाढवलं की टॉर्क वाढतो. पण तुमचा क्लच, गिअरबॉक्स आणि ड्राइव्हशाफ्ट कंपनीने २५० आणि वर थोडी मोकळीक धरून बसवलेत, आणि तुटतात ते टॉर्कने. क्लच घसरायला लागला की आरपीएम वाढतो पण गाडी पुढे जात नाही, तीच खूण. साध्या पेट्रोलला रिमॅपने हाताला काही फारसं लागत नाही, पैसे वाचवा. आणि कुठलीही गाडी असो, वॉरंटी चालू आहे तोपर्यंत ईसीयूला हात लावू नका, सर्व्हिस सेंटरला ते कळू शकतं आणि मग गिअरबॉक्सचं बिल तुमच्याच नावावर.